ग्रेड कशी ठरते? पहिल्या सेमिस्टरच्या पोरापोरींनी वही-पेन घेऊन वाचावं

निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एकच प्रश्न फिरतो, "मार्क कितला पडनात भो?" पूर्वी याचं उत्तर एका आकड्यात यायचं. आता पोरगा मोबाईल पुढे धरतो. स्क्रीनवर ए, बी प्लस, सी अशी अक्षरं, खाली एसजीपीए (त्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी) 7.55. घरी गेल्यावर वडील विचारतात, "टक्के सांग टक्के." तिथे पोरगा अडकतो, कारण त्यालाच माहीत नसतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवतो. दर वर्षी निकालानंतर आठवडाभर माझं काम हे गणित फळ्यावर मांडून दाखवायचं. खरं तर ते जुलैत, प्रवेश झाल्याबरोबर दाखवायला हवं, कारण निकालानंतर समजून फार उपयोग नसतो. म्हणून हा लेख. वही-पेन जवळ ठेवा, मधे आकडेमोड आहे.

आधी हे ठरवा: तुमचं विद्यापीठ कोणतं?

हसू नका. हा प्रश्न मी पहिल्या तासाला विचारतो आणि निम्म्या वर्गाचे हात खालीच राहतात.

खान्देशातली म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ 1990 साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये लागलं, आणि जुनी माणसं अजून त्याला 'उमवि'च म्हणतात. पण धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात असाल तर तुमचे नियम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे. शिरपूरकडच्या अभियांत्रिकीला गेलेल्यांनी लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ तर आपलं नाही ना, ते पाहावं. एकाच खोलीत राहणाऱ्या तीन मित्रांचे ग्रेडचे नियम तीन तऱ्हेचे असू शकतात. तेव्हा रूममेटचा सल्ला जरा जपून घ्या.

दुसरी फोड: कॉलेज स्वायत्त आहे का? जळगावचं मूळजी जेठा किंवा अमळनेरचं प्रताप ही स्वायत्त महाविद्यालयं. तिथे अभ्यासक्रम कॉलेजची स्वतःची अभ्यासमंडळं ठरवतात, परीक्षाही कॉलेजच घेतं, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. साध्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि मोठी परीक्षा विद्यापीठाची. तुमची तक्रार, तुमचा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कोणाच्या दारात जाणार हे यावरून ठरतं.

मग अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या

झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी गाइडं नंतर. आधी विद्यापीठाच्या (किंवा स्वायत्त असेल तर कॉलेजच्या) संकेतस्थळावरून तुमच्या वर्गाचा अभ्यासक्रम घ्या. वर्ष तपासा. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेलाच हवा, वरच्या वर्गातल्या ताईने पाठवलेला नको. राज्यात नवं शैक्षणिक धोरण 2023-24 पासून स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठाच्या विभागांत, आणि 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत लागू झालं. त्यामुळे दोन वर्षं पुढे असलेल्या भावाची रचना आणि तुमची रचना यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

पीडीएफ शंभर पानांची असली तरी तुम्हाला सुरुवातीची चार-पाच पानंच लागतात. तिथे एक तक्ता असतो: विषयाचा कोड, नाव, क्रेडिट, आठवड्याचे तास, अंतर्गत गुण (कॉलेजात सेमिस्टरभर मिळणारे), बहिर्गत गुण (मोठ्या परीक्षेचे). हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर हाताने उतरवा. हाताने यासाठी सांगतो, की स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये हरवतो.

क्रेडिट म्हणजे वजन

तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना क्रेडिटचा. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात 15 तास शिकवणं अपेक्षित असतं, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास. गुणांच्या भाषेत साधारण एका क्रेडिटला 25 गुण, म्हणजे 4 क्रेडिटचा पेपर 100 गुणांचा आणि 2 क्रेडिटचा 50 चा. एका सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176.

क्रेडिट कशाला लागतं ते कापसावरून सांगतो. वडिलांनी पहिल्या वेचणीचा 4 क्विंटल कापूस 7000 ने विकला आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या पिकाचा, 2 क्विंटल 5500 ने. सरासरी भाव किती पडला? 7000 आणि 5500 ची बेरीज करून दोनने भागणाऱ्याला व्यापारी हसेल. 4 क्विंटलचे 28 हजार, 2 क्विंटलचे 11 हजार, एकूण 39 हजार, भागिले 6 क्विंटल. भाव पडला 6500. ग्रेडचं गणित हेच आहे. क्रेडिट म्हणजे क्विंटल, ग्रेडचे गुणांक म्हणजे भाव, आणि एसजीपीए म्हणजे सगळ्या मालाचा पडलेला सरासरी भाव. ज्याला हे कळलं त्याचं पुढचं अर्धं काम झालं.

नव्या रचनेत पहिल्या वर्षी पोरं फसतात ती इथे. मेजर विषय म्हणजे आपला मुख्य विषय, त्याचाच अभ्यास करायचा, बाकीचं 'असंच' असतं अशी समजूत. तक्त्यातली क्रेडिटं मोजून पाहा. समजा धरणगावकडची एक मुलगी आहे, केमिस्ट्री मेजर. तिच्या पहिल्या सेमिस्टरला मेजरची थिअरी 4 क्रेडिटची, मेजरचं प्रॅक्टिकल 2 चं, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडलेला विषय 4 चा. मग व्यवसाय कौशल्य, कौशल्य विकास, इंग्रजी, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण आणि को-करिक्युलर (खेळ, एनएसएस वगैरे) हे सगळे 2-2 क्रेडिटचे. एकूण 22. त्यात केमिस्ट्रीची क्रेडिटं फक्त 6. उरलेली 16 क्रेडिटं ती ज्यांना 'असंच' म्हणते त्यांची आहेत! मुख्य विषय पुढच्या वर्षांत वाढत जातो, पण पहिल्या सेमिस्टरची ग्रेड या बारक्यासारक्या विषयांवर उभी राहते.

अंतर्गत गुण: इथेच सगळं ठरतं असं माझं मत आहे

समजा 100 गुणांचा पेपर आहे, त्यात 60 गुण सत्रान्त परीक्षेचे आणि 40 अंतर्गत. तुमच्या तक्त्यात वाटणी वेगळी असेल तर आकडे बदला, पद्धत तीच. हे 40 गुण शिक्षकाच्या हातात असतात आणि ते सेमिस्टरभर थोडे थोडे पडत असतात. टेस्ट, असाइनमेंट, सेमिनार, तोंडी, कुठे वर्गातला सहभाग. कोणत्या गोष्टीला किती गुण, हे पहिल्या पंधरवड्यात शिक्षकांना विचारून लिहून घ्या. विचारायला लाजू नका. "सर, इंटर्नलचं कसं असतं?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. "सर, टेस्ट किती, असाइनमेंट किती, दोन टेस्टपैकी चांगली धरणार की सरासरी?" असं विचारा.

आता आकडेमोड. त्या धरणगावच्या मुलीला ओपन इलेक्टिव्हमध्ये 70 गुण हवे आहेत. तिचे अंतर्गत 34 असतील तर मोठ्या परीक्षेत 60 पैकी 36 पुरतात. अंतर्गत 24 असतील तर 60 पैकी 46 लागतात. 36 आणणं मध्यम विद्यार्थ्याला जमतं. 46 आणायला बाहेरच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या परीक्षकाला तीन तासांत खूश करावं लागतं. तेच दहा गुण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन असाइनमेंट वेळेवर देऊन मिळत होते.

आणि आपल्याकडे हे गुण का जातात तेही मला माहीत आहे. पहिल्या सेमिस्टरच्या टेस्टा नेमक्या कापूस वेचणीच्या हंगामाला येऊन भिडतात. मजूर मिळत नाहीत, घरचं सगळं शेतात, पोरगा चार दिवस कॉलेजला येत नाही, आणि त्या चार दिवसांत टेस्ट होऊन जाते. दुसऱ्या सेमिस्टरला होळी येते. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं भोंगऱ्या बाजार (होळीआधी भरणारा आदिवासींचा बाजार) आणि होळीला घरी जातात, जायलाच पाहिजे, आणि परत येतात तेव्हा असाइनमेंटची तारीख गेलेली असते. यावर उपाय एकच: जाण्याआधी शिक्षकांना भेटा. आधी येऊन सांगितलेलं कारण आणि नंतर येऊन सांगितलेलं कारण, यांत आम्ही शिक्षक फार फरक करतो. करू नये कदाचित, पण करतो. आधी सांगितलंत तर टेस्ट दोन दिवस आधी देता येते, निदान असाइनमेंट तरी देऊन जाता येतं.

प्रॅक्टिकलच्या विषयाला जर्नल असतं. प्रयोग झाला त्याच आठवड्यात सही घ्या. सेमिस्टरच्या शेवटी जर्नलचा ढीग घेऊन रात्रभर रेघा मारणारी मुलं मी वीस वर्षं पाहतोय. त्यांचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, कसा होतो हे सांगायला नको.

आता माझ्या चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी अंतर्गत गुण ऑनलाइन भरताना एका मुलीचे 28 च्या जागी मी 18 भरले. सहा वर्गांचे गुण, शेवटची तारीख, वीज गेलेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चाललेलं. कारणं पुष्कळ, चूक माझी. नोटीस बोर्डावर यादी लागली, तिने पाहिली, दुसऱ्या दिवशी टेस्टचे तपासलेले पेपर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. दुरुस्तीची खिडकी उघडी होती, काम दहा मिनिटांत झालं. वर्गातल्या बाकी साठ जणांपैकी किती जणांनी ती यादी पाहिली? मी विचारलं होतं. सात. तेव्हा अंतर्गत गुणांची यादी लागते ती वाचा. परत मिळालेले टेस्टचे पेपर निकाल हातात येईपर्यंत फेकू नका. असाइनमेंट देण्याआधी पानांचे फोटो काढा, आणि सबमिशनच्या वहीत सही केल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका.

एक नियम इथेच तपासून घ्या: पास होण्यासाठी अंतर्गत आणि बहिर्गत दोन्हीकडे वेगवेगळे किमान गुण लागतात, की बेरीज चालते? वेगवेगळे 40 टक्के लागत असतील तर 60 पैकी 24 आणि 40 पैकी 16. अशा ठिकाणी अंतर्गत 38 आणि परीक्षेत 22, बेरीज 60, तरी नापास. ही बेरीज पाहून पालक थेट प्राचार्यांकडे येतात. नियम अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पहिल्यापासून छापलेला असतो.

गुणांची ग्रेड कशी होते

विद्यापीठ अनुदान आयोगाची दहा गुणांकांची पद्धत अशी आहे: ओ ला 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी म्हणजे नुसता पास 4, आणि एफ म्हणजे नापास 0. परीक्षेला बसलाच नाहीत तर एबी, त्यालाही 0.

किती टक्क्यांना कोणतं अक्षर, हे विद्यापीठ ठरवतं. राज्यात दिसणारी एक मांडणी अशी: 90 आणि वर ओ, 80 पासून ए प्लस, 70 पासून ए, 60 पासून बी प्लस, 55 पासून बी, 50 पासून सी, 40 पासून पी. मी पुढचं उदाहरण यावरच सोडवतो. तुमची मांडणी गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला किंवा नियमावलीत असते, ती वहीत उतरवा.

यात शेजाऱ्याच्या गुणांचा काही संबंध नाही. कुठे कुठे, विशेषतः देशातल्या मोठ्या तंत्रशिक्षण संस्थांत, सापेक्ष ग्रेडिंग असतं: वर्गाचा गोळाबेरीज निकाल पाहून ए कुठे तोडायचा ते ठरतं. वर दिलेल्या तक्त्याच्या पद्धतीत तसं नाही. सगळ्या वर्गाला 70 पडले तर सगळ्या वर्गाला ए. म्हणून नोट्स लपवून ठेवण्यात काडीचा फायदा नाही.

ग्रेड ही पायऱ्यांची असते, उताराची नसते. 69 ला आणि 60 ला एकच बी प्लस. 69 आणि 70 मध्ये मात्र एक पूर्ण पायरी. हे लक्षात ठेवून पुढचा हिशेब पाहा.

एसजीपीए स्वतः काढा

तीच धरणगावची मुलगी. निकाल असा:

मेजर थिअरी, 4 क्रेडिट, 100 पैकी 78, ए, 4 × 8 = 32
प्रॅक्टिकल, 2 क्रेडिट, 50 पैकी 42, ए प्लस, 2 × 9 = 18
ओपन इलेक्टिव्ह, 4 क्रेडिट, 100 पैकी 69, बी प्लस, 4 × 7 = 28
व्यवसाय कौशल्य, 2 क्रेडिट, 50 पैकी 36, ए, 16
कौशल्य विकास, 2 क्रेडिट, 50 पैकी 33, बी प्लस, 14
इंग्रजी, 2 क्रेडिट, 50 पैकी 27, सी, 10
भारतीय ज्ञान प्रणाली, 2 क्रेडिट, 50 पैकी 29, बी, 12
मूल्यशिक्षण, 2 क्रेडिट, 50 पैकी 35, ए, 16
को-करिक्युलर, 2 क्रेडिट, 50 पैकी 46, ओ, 20

बेरीज 166. भागिले 22 क्रेडिट. एसजीपीए 7.55.

आता खेळ करू. ओपन इलेक्टिव्हला 69 ऐवजी 70 पडले असते तर? 28 चे 32 झाले असते, बेरीज 170, एसजीपीए 7.73. एका गुणाने 0.18 ची उडी. मेजरमध्ये 78 ऐवजी 79 पडले असते तर? काहीच नाही, ए तो ए. इंग्रजीत 27 ऐवजी 30 पडले असते तर 60 टक्के होऊन बी प्लस आलं असतं आणि पुन्हा तेच 7.73. म्हणजे केमिस्ट्रीचा 78 चा 79 करण्यासाठी जागवलेल्या रात्रीपेक्षा इंग्रजीचे तीन गुण तिला जास्त देऊन गेले असते. केमिस्ट्री शिकू नका असं मी म्हणत नाही, तिला पुढे एम.एस्सी. करायची आहे. पण परीक्षेआधीच्या आठवड्यात, अंतर्गत गुण हातात असताना, प्रत्येक विषयात आपण कोणत्या पायरीच्या किती जवळ आहोत हे काढून पाहावं. दहा मिनिटांचं काम आहे.

50 गुणांच्या पेपरला एक गुण म्हणजे 2 टक्के, हेही विसरू नका.

सीजीपीए: जड गाडी

सगळ्या सेमिस्टरचे एसजीपीए आपापल्या क्रेडिटने गुणून, एकूण क्रेडिटने भागले की सीजीपीए. पहिल्या सेमिस्टरला 22 क्रेडिटवर 7.55 आणि दुसऱ्याला 20 क्रेडिटवर 8.10 असेल तर 166 अधिक 162, भागिले 42, म्हणजे 7.81. पुन्हा कापसाचाच हिशेब.

दर वर्षी तिसऱ्या वर्षाला एक तरी मुलगा येतो, "सर, आतापर्यंत सहा आहे, आता जोर लावून सात करतो." त्याला मी हे मांडून दाखवतो. एकूण 132 क्रेडिट, त्यातली 88 झालेली, सीजीपीए 6. शेवटी 7 हवा असेल तर 132 गुणिले 7 म्हणजे 924 पाहिजेत. हातात आहेत 88 गुणिले 6, 528. उरलेल्या 44 क्रेडिटवर 396 आणायचे, म्हणजे दोन्ही सेमिस्टरला 9 चा एसजीपीए. ज्याला चार सेमिस्टर सहा पडले त्याला अचानक ए प्लसची रांग लावायची. जमलेलं मी एकदाच पाहिलंय. दुसऱ्या सेमिस्टरला हाच हिशेब केला तर तो कितीतरी सोपा निघतो.

टक्के सांग टक्के

वडिलांचा प्रश्न. यात लोक हमखास चुकतात.

आपल्या मुलीचा 7.55. कोणी म्हणतं दहाने गुण, 75.5 टक्के. तिचे प्रत्यक्ष गुण मोजा: 550 पैकी 395, म्हणजे 71.8 टक्के. मग 75.5 आले कुठून? पायऱ्यांमधून. 42 ला, म्हणजे 84 टक्क्यांना, 9 गुणांक मिळाला की दहाने गुणल्यावर तो 90 दिसतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या जुन्या सूत्राने, सीजीपीएमधून 0.75 वजा करून दहाने गुणायचं, 68 टक्के येतात. आणि 9.5 ने गुणायचं सूत्र सांगणारा एक जण प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो. ते सीबीएसईच्या दहावीचं होतं, आपला त्याच्याशी काही संबंध नाही.

एकाच मुलीचे 68, 71.8 आणि 75.5. म्हणून अर्ज भरताना आपल्या विद्यापीठाने दिलेलं सूत्रच वापरायचं, आणि गुणपत्रकावर एकूण गुण छापलेले असतील तर अर्जात काय मागितलंय ते शब्द न शब्द वाचायचं. कुठे सीजीपीए जसाच्या तसा मागतात, कुठे विद्यापीठाचं रूपांतराचं प्रमाणपत्र मागतात. सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या नेटसारख्या परीक्षेला पदव्युत्तरला 55 टक्क्यांची अट आहे (राखीव प्रवर्गांना 50). अशा काठावर असताना मनाने गुणाकार केला तर पुढे कागदपत्रांच्या तपासणीत अर्ज बाद होतो.

ऑनलाइन कोर्स आणि क्रेडिटची बँक

थोडक्यात. 'स्वयम' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचे ऑनलाइन कोर्स करून त्यांची क्रेडिटं पदवीत धरता येतात, पण त्या कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून होकार घ्या, नंतर नाही. तिथेही अंतर्गत-बहिर्गत आहेच: 'स्वयम'वरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या) 12 आठवड्यांच्या कोर्सला 12 पैकी सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंटचे 25 टक्के आणि परीक्षेचे 75 टक्के. पास व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही लागतात.

मिळवलेली क्रेडिटं अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि साधारण सात वर्षं वापरता येतात. त्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नसेल, आपल्याकडे आडनाव आधी की नंतर यात हे नेहमी होतं, तर पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या.

निकालात चूक वाटली तर

आधी शांतपणे गुणपत्रक वाचा. एफ आहे की एबी? पेपर दिलेला असताना एबी दिसत असेल तर तो बहुधा हजेरीचा किंवा बैठक क्रमांकाचा घोळ असतो. त्यासाठी पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नका, हॉल तिकीट घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. म्हणूनच पर्यवेक्षकाची सही झालेलं हॉल तिकीट निकालापर्यंत जपायचं असतं. अंतर्गत गुणच लागलेले नसतील तर काम कॉलेजातच आहे, विद्यापीठापर्यंत जाणारी एसटी पकडायची गरज नाही.

परीक्षेतले गुण कमी वाटत असतील तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. तो तुमचा हक्क आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारात येणारी माहिती आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच दिला. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोडी असते. निकाल लागला आणि तुम्ही मामाच्या गावी असाल तर मोबाईलवर परिपत्रक उघडून शेवटची तारीख आधी पाहा. निकालाची वाट किती पाहायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 च्या कलम 89 प्रमाणे शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लागला पाहिजे.

प्रत आली की लाल शाई पाहून चिडण्याआधी तीन गोष्टी तपासा. प्रत्येक प्रश्नाचे गुण पहिल्या पानाच्या तक्त्यात बरोबर गेलेत का, बेरीज बरोबर आहे का, आणि शेवटच्या पानांवर किंवा पुरवणीत लिहिलेलं एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का. नुसती बेरजेची चूक असेल तर गुणपडताळणी पुरते, तिची फी कमी. उत्तरच कमी जोखलंय असं वाटत असेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना प्रत दाखवा. आम्ही सांगतो खरं काय ते. "इथे चार गुण वाढू शकतात" असंही सांगतो आणि "बाळा, यात काही नाही, पैसे वाचव" असंही. मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. अर्जावरच छापलेला असतो तो गुण घटल्यास काय हा नियम वाचून सही करा, आणि भरलेल्या फीच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा, म्हणजे मोबाईल बिघडला तरी सापडतो.